कॉफी, एक छोटी बाटली

२ मार्च, शनिवार

ही दैनंदिनी मला फुकट मिळाली. पाच किलो कपडे धुण्याच्या पावडरीवर. घरात पावडर होती, दैनंदिनी नव्हती, म्हणून पावडर घेतली. आता एवढी पावडर संपवायला कपडे कमी पडतील, पण लिहायला विषय भरपूर आहेत.

पहिला विषय हिच्या नोकरीचा. धाकट्याच्या वेळची रजा आणि तिला जोडून घेतलेली बिनपगारी रजा, दोन्ही संपत आल्या. दंतवैद्य लोकांच्या तोंडात जे दात बसवतात ते बनवणाऱ्या कार्यशाळेत ही काम करते. पंधरा एप्रिलला हजर व्हायचं आहे. पण मालकाने अट घातली आहे. वर्षभर हात थांबलाय, तेव्हा दहा तारखेपर्यंत वरच्या जबड्याचे चौदा दात मेणात कोरून आणून दाखवा, मग बघू. नाही जमले तर त्याच्याकडे दुसरी मुलगी तयार आहे. हिने स्वयंपाकघराच्या खिडकीत मेण, कोरणी आणि स्पिरिटचा दिवा मांडला आहे. आतापर्यंत दोन दाढा झाल्या. माझ्या तोंडातल्या दाढा इतक्या बऱ्या नाहीत.

दुसरा विषय मुलांचा. मोठी चार वर्षांची, बारा वाजेपर्यंत बालवाडीत असते. धाकटा अकरा महिन्यांचा, हाताला लागेल ते तोंडात घालतो. आज पाळणाघर बघून आलो. तिथल्या बाईंनी दोघांची फी सांगितली. मी विचारलं, एवढ्या पैशांत संध्याकाळी मुलं परत मिळतात ना? बाई हसल्या नाहीत.

घरी येऊन हिला आकडा सांगितला. ही म्हणाली, "होईल काहीतरी. माझ्या डोक्यात आहे एक." बायकांच्या डोक्यात नेहमीच काहीतरी असतं. मी पंपाच्या कारखान्यात भांडार सांभाळतो. अकरा हजार प्रकारचे सुटे भाग, आणि एक वॉशर इकडचा तिकडे होत नाही. 'होईल काहीतरी' असं म्हणून भांडार चालत नाही. तेव्हा मी जाहीर केलं की उद्यापासून घरातली सगळी खरेदी मी करणार. किराणा, भाजी, साबण, डायपर, सगळं. वाचतील त्या पैशांत पाळणाघर.

हिने घरखर्चाचं पाकीट माझ्या हातात ठेवलं, आतल्या चिल्लरीसकट, आणि म्हणाली, "बरं."

हिच्या 'बरं'चे सात अर्थ आहेत. सहा वर्षांच्या संसारात मला त्यातले पाच कळले. हा त्या पाचांतला नव्हता.

६ मार्च, बुधवार

स्वयंपाकघराच्या दाराला मागणीवही टांगली. तीन रकाने: वस्तू, किती, कशासाठी. घरातल्या माणसाने आठवड्याची मागणी लिहायची, मी तपासायची, अनावश्यक वस्तू लाल पेनाने खोडायची. कारखान्यात या पद्धतीने मी ग्रीसचा खपसुद्धा निम्म्यावर आणला होता. यंत्रं थोडी कुरकुरली, पण सगळीच कुरकुरतात.

हिची पहिली मागणी अशी:

मीठ, एक पुडा, खारट करण्यासाठी.
अंगाचा साबण, दोन, तुझ्यासाठीसुद्धा.
बटाटे, दोन किलो, डोकं खाण्याऐवजी.
कॉफी, एक छोटी बाटली, लागते.

पहिल्या तीन नोंदींतला टोमणा मी मोठ्या मनाने सोडून दिला. चौथी मात्र पकडली. आमच्या घरात कॉफी कोणी पीत नाही. सकाळी चहा, संध्याकाळी चहा, पाहुणे आले तर तोच चहा जरा जास्त साखर घालून. तरी गेल्या काही महिन्यांच्या बिलांवर दरवेळी कॉफी आहे!

"कोणाला लागते?" मी विचारलं.

"घराला," ही म्हणाली.

"घर कॉफी पितं?"

"लिहिलंय ना, लागते."

अशा वेळी भांडारपालाने भावनेच्या आहारी जायचं नसतं. खोडली.

१० मार्च, रविवार

कोपऱ्यावरचा दुकानदार लुटारू आहे हे मला आधीपासून माहीत होतं. आज घाऊक बाजारात जाऊन पुरावा आणला. दोन बस बदलल्या. बटाटे पंधरा किलो, वाळवलेले वाटाणे दहा किलो, साबणाच्या चाळीस वड्या, आणि बारा डायपरच्या पुड्यांवर तीन फुकट असे पंधरा पुडे. एवढं सामान बघून परतीच्या बसमध्ये कंडक्टरने माझी तीन तिकिटं फाडली, एक माझं आणि दोन बटाट्यांची. बटाट्यांना बसायलाही मिळालं. मी उभा होतो.

ठेवायला जागा नव्हती म्हणून भिंतीला फळ्या ठोकायला घेतल्या. ही म्हणाली, "दुपारी नको रे, खाली त्या आहेत."

त्या म्हणजे खालच्या मजल्यावरची मेट्रन. नाव कोणी विचारलं नाही, हिंमत कोणाची आहे? इस्पितळातून निवृत्त झाली, पण इस्पितळ काही तिच्यातून निवृत्त झालं नाही. छातीवर अजून नर्सचं उलटं घड्याळ लटकवते. गेल्या वर्षी मी असाच रविवारी दुपारी भिंतीला भोक पाडत होतो तर वर आली, ते घड्याळ हातात धरून मला वेळ सांगितली, आणि एकतीस वर्षं रात्रपाळी केलेल्या माणसाला दुपारी झोप लागते यावर मला उभ्या उभ्या शिकवणी दिली. मी म्हणालो, बाई, हा तुमचा वॉर्ड नाही. ती म्हणाली, असता तर तुम्हांला एनिमा दिला असता. तेव्हाच मी हिला सांगून टाकलं, त्या बाईचं पाऊल माझ्या घरात पडता कामा नये. एक वर्ष होत आलं, पडलेलं नाही. घरात माझा शब्द चालतो तो असा.

आज चार भोकं पाडली. कोणी वर आलं नाही. घाबरली असावी.

खिडकीत आता सहा दात आहेत. वेग चांगला आहे. घरातली शिस्त कामात उतरते.

१४ मार्च, गुरुवार

मोठीला नवं खूळ लागलंय. बालवाडीतल्या बाईंनी कुठलीतरी गोष्ट सांगितली असावी, तिच्यात एक टिकटिक आजी आहे. टिकटिक आजीने हे सांगितलं, टिकटिक आजीने मला शिंकरायला शिकवलं, टिकटिक आजीकडे बाळ झोपतं. बाळसुद्धा गोष्टीत आलंय. कल्पनाशक्ती माझ्याकडून आली.

आज जेवताना एकदम म्हणाली, "बाबा, टिकटिक आजीकडची कॉफी संपली."

मी हिच्याकडे बघितलं. हिने ताटात बघितलं.

म्हणजे आता हे! वहीत खोडली तर लेकराच्या तोंडून मागणी. चार वर्षांच्या मुलीला पढवून पुढे करायचं याला काय म्हणावं? मी मोठीला शांतपणे सांगितलं, की टिकटिक आजीला सांग, गोष्टीतल्या माणसांनी गोष्टीतलीच कॉफी प्यावी, ती स्वस्त पडते.

"पण तिच्याकडे खरी होती," मोठी म्हणाली.

आठवड्याच्या मागणीत कॉफी पुन्हा आलीच आहे. लागते म्हणे. पुन्हा खोडली. खिडकीत नऊ दात.

२१ मार्च, गुरुवार

डायपरच्या बाबतीत एक तांत्रिक अडचण आली. धाकटा वाढतोय. पंधरा पुड्यांतले अडीच वापरून झाले आणि उरलेले त्याच्या मांडीत अडकतात. कमाल साठा, किमान साठा, हे सगळं मला तोंडपाठ आहे, पण भांडारात ठेवलेला पंप कधी पुढच्या मापाचा होत नाही. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. वर म्हणाला, साहेब, पुढचं बाळ? मी कानाला खडा लावला. कशाबद्दल लावला ते त्याला सांगितलं नाही.

मोठी दोन दिवस रुसून बसली आहे. "आई म्हणते आता टिकटिक आजीकडे जायचं नाही." बरं झालं. माझ्यासमोर डाळ शिजली नाही म्हटल्यावर हिने मोहीम मागे घेतलेली दिसते.

रात्रीच्या जेवणानंतर ही म्हणाली, "मला दुपारचा दीड तास हवाय. सलग. हात हलता कामा नये, मेण ऐकत नाही."

"मुलं झोपतात तेव्हा करायचं."

"दोघं एका वेळी झोपत नाहीत."

"मग वेळापत्रक करू."

केलं. पुठ्ठ्यावर, दोन रंगांत. एक ते अडीच: दोन्ही मुलं झोपणे. भिंतीवर धाकट्याला दिसेल अशा उंचीवर लावलं. कॉफी तिसऱ्यांदा खोडली.

"आधी कसे नऊ दात झाले गं भराभर?" मी सहज विचारलं.

"आधी जमत होतं," ही म्हणाली. हिची उत्तरं अलीकडे फार तोकडी झाली आहेत. बहुतेक बटाट्यांमुळे. रोजच बटाटे आहेत.

२४ मार्च, रविवार

धाकट्याने वेळापत्रक खाल्लं. दुपारी ही त्याला मांडीवर घेऊन दहावा दात कोरत होती, तर आधीच झालेला एक सुळा उचलून त्याने तोही तोंडात घातला. हिने बोट घालून काढला, पण दोन तुकड्यांत. कार्ट्याचे स्वतःचे चार दात आहेत, पाचवा बाहेरून मागवायची काय गरज होती?

मी हसलो. घरात दुसरं कोणी हसलं नाही. हिने ते दोन तुकडे खिडकीतल्या बाकीच्या दातांशेजारी ठेवले. मग बटाटे सोलायला घेतले. खिडकीत आठ.

३१ मार्च, रविवार

महिनाअखेरचा हिशेब. बचत भरघोस आहे. अर्थात बसभाडं, बटाट्यांचं बसभाडं, फळ्या, ड्रिल मशीनची नवी सुई आणि तेरा निरुपयोगी पुडे त्यात धरलेले नाहीत, कारण ते भांडवली खर्च आहेत. ते धरले तर गेल्या महिन्यापेक्षा थोडा जास्त खर्च झालाय, पण ते धरायचेच कशाला?

एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी आहे. गेल्या आठवड्यात कॉफी चौथ्यांदा खोडली, आणि या आठवड्याच्या मागणीत ती नाहीच. मी लाल पेन उघडून बसलो होतो, खोडायला काहीच मिळालं नाही. मीठ, साबण, तेल, आणि कशासाठी या रकान्यात साधे सरळ शब्द. मीठ: स्वयंपाक. साबण: अंघोळ. टोमणा नाही, काही नाही.

चार आठवडे लागले, पण शेवटी घराला शिस्त लागली.

३ एप्रिल, बुधवार

मी हिला विचारलं, दहा तारखेपर्यंत होतील ना? ही म्हणाली, "नाही झाले तर पाळणाघराचीही गरज नाही. तुझी सगळीच बचत." हसून म्हणाली. ते हसू मला आवडलं नाही. भांडारात एखादा भाग आतून तडकलेला असतो, बाहेरून दिसत नाही, पण ठोकून बघितलं की आवाज वेगळा येतो. तसा आवाज होता.

मी काटकसर करतोय ती हिच्याच नोकरीसाठी. आणि हिला नोकरीवर जायचंच नसावं असा मला आता संशय येऊ लागलाय. बायकांचं काही सांगता येत नाही.

खिडकीत आठच.

७ एप्रिल, रविवार

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. मला कमीपणा येतो तिथेही लिहितो, वही फुकटची आहे.

सकाळी ही म्हणाली, "आज दिवसभर दोघांना तू बघ. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेते. सहा दात राहिलेत आणि तीन दिवस." मी म्हणालो, त्यात काय एवढं? कारखान्यात माझ्या हाताखाली सात माणसं असतात.

दुपारपर्यंत ठीक चाललं. म्हणजे धाकट्याने पावडर सांडली, डायपरचा पुडा फाडून सगळ्या खोलीभर पसरला, आणि एका साबणाच्या वडीला चावून बघितलं. तरी ठीक. मी फळीवरच्या साबणाच्या वड्या मोजत होतो, कारण एक कमी भरत होती. मोठी कोपऱ्यातल्या वाटाण्यांच्या पिंपाजवळ खेळत होती. चौतीस वड्या मोजून मागे वळलो तर मोठी नाही. बाहेरचं दार सताड उघडं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. जिन्यात हाक मारली, उत्तर नाही. धाकट्याला काखोटीला मारलं आणि खाली धावलो. खालच्या मजल्यावर मेट्रनचं दार उघडं होतं. आत खुर्चीवर मोठी बसली होती आणि मेट्रन तिच्यासमोर गुडघ्यावर. माझ्या मुलीची एक नाकपुडी तिने बोटाने दाबून धरली होती.

"तोंड मिट. आता शिंकर. शिकवलं होतं तस्सं. जोरात."

मोठीने जोरात शिंकरलं. टप्पकन काहीतरी बशीत पडलं. मेट्रनने ते चिमट्याने उचलून उजेडात धरलं.

"वाटाणा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आत भिजला असता तर फुगला असता, मग इस्पितळातच काढावा लागला असता. तुमच्याच भांडारातला ना?"

"बाबा," मोठी म्हणाली, "ही टिकटिक आजी."

तिच्या छातीवरचं ते उलटं घड्याळ टिकटिकत होतं. माझ्या डोक्यात तेवढाच आवाज होता.

माझ्या काखेतून धाकट्याने मेट्रनकडे दोन्ही हात पसरले. नुसते पसरले नाहीत, झेप घेतली. तिने त्याला घेतलं तशी त्याने मान तिच्या खांद्यावर टाकली. माझ्या खांद्यावर तो कधी असा मान टाकत नाही. माझा खिसा उपसतो.

मी खोली बघितली. भिंतीवर मोठीची चित्रं. कॅलेंडरवर दर सोमवारच्या चौकोनात बारीक अक्षरात धाकट्याचं वजन. मागून कळलं, आधी त्याला घेऊन काट्यावर उभी राहायची, मग एकटी, मग वजाबाकी. अठरा मार्चपर्यंत आकडे होते. पुढचे सोमवार कोरे.

"बसा," ती म्हणाली. मी बसलो. कोणीही बसलं असतं.

"मला एक विचारायचं होतं," तिचा आवाज एकदम उतरला. "तीन आठवडे होत आले, पोरं आली नाहीत. तिला विचारलं तर म्हणाली, तुम्हांला किती त्रास द्यायचा. माझं काही चुकलं का हो? बाळाला काही झालं का माझ्या हातून?"

एनिमा देणारी हीच बाई का? मी म्हणालो, तुमचं काही चुकलं नाही. मग तिने सांगितलं ते असं. ही रोज दुपारी दोघांना घेऊन खाली यायची, दीड तास त्यांना इथे ठेवून वर जाऊन दात कोरायची. पैसे घ्यायला मेट्रन तयार नव्हती, तर ही महिन्याला एक कॉफीची बाटली आणायची. पंधरा एप्रिलपासून दिवसभर सांभाळायचंही दोघींचं ठरत आलं होतं. फक्त मला सांगायचं राहिलं होतं, कारण माझा तो शब्द. मग कॉफी बंद झाली.

"रिकाम्या हाताने यायला तिला जड गेलं," मेट्रन म्हणाली. "वेडी पोर. मला डॉक्टरांनी कॉफी बंद करून सात वर्षं झाली. मी कपात गरम पाणी घेऊन बसायची, तिला कळू देत नव्हते. माणसाला एकट्याने प्यायला संकोच होतो ना. ती पहिला घोट घ्यायची आणि डोळे मिटायची. दोन मिनिटं काही बोलायची नाही. मग उठून वर जायची कामाला."

"पण आमच्या घरात कॉफी कोणी पीत नाही," मी म्हणालो. सवयीने तोंडून निघून गेलं.

"हो ना," मेट्रन म्हणाली. "म्हणून तर ती इथे प्यायची."

पुढचं फार लिहवत नाही. मुलांना तिथेच ठेवून वर आलो. स्वयंपाकघराच्या दारावर टकटक केली. ही दचकून म्हणाली, "काय झालं? मुलं कुठे आहेत?"

"टिकटिक आजीकडे."

हिने कोरणी खाली ठेवली. मला वाटलं आता भांडण होईल, झालं असतं तर बरं वाटलं असतं. ही म्हणाली, "तिचं पाऊल आपल्या घरात पडता कामा नये, असं म्हणाला होतास. नाही पडलं. आम्हीच जात होतो."

"तू कॉफी पितेस?"

"वसतिगृहात असल्यापासून."

"सहा वर्षांत बोलली नाहीस?"

"लग्न झाल्यावर पहिल्या दिवशी सकाळी तू चहा करून आणलास. एवढ्या हौसेने आणलास की म्हटलं, असू दे. मग घरात चहाच होता. दोन दोन कशाला आणायचं?"

माझ्या आधीपासून या घरात काटकसर चालू होती आणि ती कुठल्याच वहीत नव्हती. मला रडू आलं. लाज वाटली म्हणून साबण मोजायला बाहेर गेलो. पस्तिसावी वडी पिंपात, वाटाण्यांत होती.

८ एप्रिल, सोमवार

कारखान्यातून अर्धी सुट्टी घेतली. अकरा वर्षांत पहिली. मेट्रनकडे नाक मुठीत धरून गेलो आणि गेल्या वर्षीच्या आणि परवाच्या भोकांबद्दल माफी मागितली. तिने घड्याळ बघून मला पाच मिनिटं बोलू दिलं. मग अटी सांगितल्या. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद. पाळणाघराचं नाव काढायचं नाही. पैशांचंही नाही. आणि तिचे गुडघे दुखतात, जिना चढउतर होत नाही, तेव्हा तिचाही किराणा मी आणायचा. तिने यादी लगेच दिली. मोठीने तिला मागणीवहीचं सगळं सांगितलेलं दिसतंय, कारण यादीला तीन रकाने होते. तिसऱ्यात, प्रत्येक वस्तूपुढे, लिहिलं होतं: विचारू नये.

कोपऱ्यावरच्या लुटारूकडे गेलो. त्याने महिनाभराची चौकशी केली, बाळाचे डायपर पुढच्या मापाचे लागत असतील ना म्हणाला. त्याला कसं कळलं? तो म्हणाला, मूल बघितलंय ना मी. नको असलेले पुडेही ठेवून घेतले, विकले गेले तर पैसे देतो म्हणाला.

खिडकीत अकरा. मी मोजतो, पण आता मोठ्याने नाही.

१० एप्रिल, बुधवार

तेरा झाले. चौदावी दाढ अर्धी असताना निघायची वेळ झाली. कापसात गुंडाळून डबीत ठेवले. मी म्हणालो, मी येतो सोबत. ही म्हणाली, "तू नको. तू डबी मोजत बसशील."

दिवसभर भांडारात माझं लक्ष नव्हतं. एका माणसाला चार बोल्टांऐवजी चाळीस दिले. तो सही करून घेऊन गेला, आणि आकाश कोसळलं नाही.

संध्याकाळी ही आली. मुद्दाम सावकाश चप्पल काढली. मालकाने भिंग लावून एकेक दात बघितला म्हणे. मग मोजले. पुन्हा मोजले. जगात मोजणारा मी एकटा नाही. मग म्हणाला, तेरा आहेत. ही म्हणाली, हो. तो म्हणाला, असू दे, एक पडलेला समजू. पडतात म्हणूनच आपलं दुकान चालतं. सोमवारी नऊला या.

मोठी आणि मी नाचलो. धाकटा आमच्याकडे बघून रडला. खालून कोणीतरी छताला काठीने ठोकलं, तीनदा. दुपार नव्हती. ते भांडण नव्हतं हे आता मला कळतं.

१५ एप्रिल, सोमवार

आज पहाटे लवकर उठलो आणि कॉफी केली. कॉफी किती घालायची माहीत नव्हतं. बाटलीवर लिहिलं होतं ते वाचलं, मग माझ्या हिशेबाने थोडी कमी घातली, मग लाज वाटून जास्त घातली. ही केस विंचरत होती. कप समोर ठेवला. हिने बघितलं, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. सहा वर्षं या घरात राहतो, हे मी आज पहिल्यांदा बघितलं.

"कशी झालीय?"

डोळे न उघडता म्हणाली, "भयंकर." आणि कप संपवला.

साडेआठला ही गेली. त्याआधी मुलं खाली पोहोचवली. मोठीने जाताना मेट्रनला बजावलं, वाटाणा आणलेला नाही.

निघण्यापूर्वी मी मागणीवही दारावरून काढायला गेलो. भंगारात टाकणार होतो. पण पानं उलटली गेली. पहिला आठवडा, कॉफी, एक छोटी बाटली, लागते. लाल रेघ. दुसरा आठवडा, तेच, लाल रेघ. तिसरा, चौथा. दर वेळी तेच शब्द, तेच अक्षर. चौथ्या वेळी 'लागते' जरा लहान लिहिलंय. आणि पाचव्या पानावर नाही. त्या दिवशी मी या दैनंदिनीत काय लिहिलं होतं ते वर आहेच. खोडावंसं वाटतं, पण लाल पेन मी परवाच मेट्रनच्या केराच्या डब्यात टाकून आलो.

वही फेकली नाही. नव्या पानावर माझ्या हाताने लिहिलं: कॉफी, एक मोठी बाटली. तिसऱ्या रकान्यापाशी थांबलो. बरंच काही सुचलं. शेवटी लिहिलं: लागते.

संध्याकाळी घरी आलो तर वहीत 'मोठी' खोडून वर 'छोटी' लिहिलेलं होतं, आणि बाजूला हिची सही. मी विचारलं, मोठी का नको? किलोमागे स्वस्त पडते.

"छोटी लवकर संपते," ही म्हणाली. "मग तुला पुन्हा लिहावं लागेल."

मी म्हणालो, "बरं."